ओपन सोर्स प्रोजेक्टला घोषवाक्य कसं ठरवायचं (दोनदा चुकून तिसऱ्यांदा जमलेल्यांकडून)

आमचं एक छोटं ॲप आहे. द्राक्षबागेच्या फवारणीची वही, बास एवढंच. छाटणीची तारीख टाकली की बाग आज किती दिवसाची झाली ते दिसतं, डावणीला काय मारलं, भुरीला काय मारलं (हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग), कधी मारलं, माल काढायच्या आधी कुठलं औषध किती दिवस बंद ठेवायचं हे सगळं त्यात राहतं आणि नेट नसलं तरी चालतं. कोड सगळ्यांना उघडा, लायसन्स जीपीएल 3 (कोणीपण वापरा, बदला, पण बदललेलं वाटलंत तर त्याचा कोड पण उघडा ठेवा), पगारावर कोणी नाही. सांगली, मिरज, तासगावकडची काही पोरं, पुण्याला नोकरीला गेलेले दोघंतिघं आणि विजापूरकडचा एकजण जो कन्नड भाषांतर बघतो. एवढ्या प्रोजेक्टला एक ओळीचं घोषवाक्य ठरवायला आम्हाला तीन महिने लागले आणि त्यातले दोन महिने नुसते भांडण्यात गेले, म्हणून म्हटलं नवीन कोणी करायला बसलं असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवावं.

आधी बघा, लागतंय का

नाव वेगळं, वर्णन वेगळं, घोषवाक्य वेगळं. नवीन माणूस ह्या तिघांची खिचडी करतो, आम्ही पण केली. वर्णन म्हणजे "द्राक्षबागेच्या फवारणी नोंदीसाठी ऑफलाइन अँड्रॉइड ॲप". कोरडं आहे पण सर्चमध्ये सापडतं, आणि रीडमीच्या, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलच्या, पहिल्या ओळीत हेच पाहिजे. घोषवाक्य म्हणजे जे एक बागायतदार बांधावर उभं राहून दुसऱ्याला सांगेल ते. तुमच्या रीडमीत अजून वर्णनच धड नसेल तर घोषवाक्याच्या नादी लागू नका, ते आधी लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि प्रोजेक्टला दोन महिने झालेत, माणसं तीन आहेत, तर अजून सहा महिने थांबा, कारण तुम्ही काय बनवताय ते तुम्हालाच अजून पक्कं कळलेलं नसतं. आम्हाला गरज पडली ती एका कृषी प्रदर्शनात स्टॉल मिळाला तेव्हा. फ्लेक्सवर नावाखाली काय लिहायचं, हा प्रश्न आला आणि तिथनं सगळं सुरू झालं.

कोणाला वाचायचंय ते ठरवा

आमचं पहिलं घोषवाक्य होतं "शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी". ऐकायला भारी. कोड लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापला पण. स्टॉलवर आमचे मामा आले, त्यांची स्वतःची दोन एकर बाग आहे, त्यांनी फ्लेक्स वाचला, आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्यात बाग कुणाची हाय?" अकरा जणांत दोघांची. तो फ्लेक्स सध्या विहिरीवर मोटरीच्या पेटीला झाकायला आहे.

चूक काय झाली तर जे ग्रुपमध्ये आधीच आहेत त्यांना जे आवडलं ते आम्ही निवडलं. घोषवाक्य हे आत बसलेल्यांसाठी नसतंच मुळी, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी असतं. आतल्याला प्रोजेक्टचं कौतुक वाटावं असं वाक्य पाहिजे असतं आणि बाहेरच्याला फक्त एवढंच कळायला पाहिजे असतं की हे माझ्या कामाचं आहे का. समाजानं चालवलेल्या प्रोजेक्टमध्ये हा घोळ जास्त होतो कारण ठरवणारे सगळे आतलेच असतात, कंपनीत निदान गिऱ्हाइकाला विचारायला वेगळा माणूस तरी असतो.

बरं, बाहेरचे पण दोन प्रकारचे. एक वापरणारा आणि एक कोड नाहीतर भाषांतर करायला येणारा. एका वाक्यात दोघांना बोलवायला गेलं की ते वाक्य सरकारी जीआरसारखं होतं. एक धरा. आम्ही वापरणारा धरला, कोड लिहिणाऱ्यांसाठी रीडमीत वेगळा परिच्छेद आहे.

दुसऱ्यांची वाचा, पण कशी चालतात ते बघायला

कॉपी मारायला नाही. एखादा तासभर बसून वाचा आणि प्रत्येकासमोर लिहा की ह्यानं काय कबूल केलंय. डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम 1993 पासून चालू आहे आणि स्वतःला "द युनिव्हर्सल ऑपरेटिंग सिस्टिम" म्हणवतं, म्हणजे कुठल्या पण मशीनवर चालू असं कबूल केलंय, आणि ते निभवायला किती तरी जातीच्या प्रोसेसरसाठी पॅकेज बनवत बसावं लागतं. चित्रं काढायच्या इंकस्केपचं "ड्रॉ फ्रीली", दोनच शब्द, मोकळेपणानं काढा आणि सॉफ्टवेअर पण मोकळं, दोन्ही त्यातच. वेबसाइटच्या कोडसाठी वापरतात त्या जेक्वेरीचं "राइट लेस, डू मोअर". कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटच्या मॅन्युअलमध्ये तर गिटचं वर्णन "द स्टुपिड कंटेंट ट्रॅकर" असं लिहिलंय, स्वतःलाच येडं म्हणायचं, पण ते आपल्याला झेपणार नाही, नवीन माणूस खरंच येडं समजेल.

मला सगळ्यात आवडतं वेबसाइट बनवायच्या जँगोचं, "द वेब फ्रेमवर्क फॉर परफेक्शनिस्ट्स विथ डेडलाइन्स". हे कोणी हवेतनं काढलेलं नाही. जँगो जन्मलं अमेरिकेत कॅन्सासमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, 2005 ला सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि पेपरात काय असतं, संध्याकाळपर्यंत पान लागलंच पाहिजे पण चूक पण नको. ते जे रोज जगत होते तेच वाक्यात आलं.

उलटं उदाहरण जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेचं. ती बनवणाऱ्या सन कंपनीनं म्हटलं "राइट वन्स, रन एनीव्हेअर", मग प्रत्येक मशीनवर वेगळा त्रास निघायला लागला तसं प्रोग्रामरांनी त्याचं "राइट वन्स, डीबग एव्हरीव्हेअर" करून टाकलं. जेवढं मोठं कबूल कराल तेवढी मोठी टिंगल होणार, हे धरून चला.

आणि इंग्रजीचंच वाचत बसू नका, आपल्याकडं माल कमी नाही. "पाणी अडवा, पाणी जिरवा" घ्या. चार शब्द, त्यात एक शब्द दोनदा, दोन क्रियापदं, आणि काय करायचं ते अडाण्याला पण कळतं. "गाव तिथे एसटी" मध्ये तर क्रियापद पण नाही. सहकारातलं "विना सहकार नाही उद्धार", ह्यात यमक आहे म्हणून ते सोसायटीच्या भिंतीवरनं डोक्यात बसलं. साताऱ्याकडचे लोक रयतचं "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" सांगतील, त्याच्यामागं कर्मवीरांचं कमवा आणि शिका होतं, पोरं खरंच राबून शिकत होती, म्हणून ते वाक्य उभं राहिलं. मराठीत जमलेलं घोषवाक्य बहुतेक वेळा दोन तुकड्यांचं असतं, मध्ये श्वास घ्यायला जागा. इंग्रजी घोषवाक्याचं भाषांतर करायला गेलं की ही जागा जाते आणि "मानवांसाठी संगणक प्रणाली" असलं काहीतरी तयार होतं.

नियम आधी, वाक्यं नंतर

2016 ला ब्रिटनमध्ये एका संशोधन जहाजाला नाव द्यायला लोकांकडनं ऑनलाइन सूचना आणि मतं मागवली. पहिलं आलं "बोटी मॅकबोटफेस". शेवटी जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि त्याच्याबरोबरच्या पाण्याखालच्या एका यंत्राला "बोटी मॅकबोटफेस" हे नाव देऊन लोकांची समजूत काढली. ह्यात लोक चुकले असं मला वाटत नाही, मत हा निर्णय आहे का नुसता कल आहे, हे आधी नीट ठसवलं नव्हतं.

म्हणून सूचना मागवायच्या आधी चार गोष्टी लिहून पिन करा. सूचना किती तारखेपर्यंत घेणार, आम्हाला दोन आठवडे बरोबर वाटले, आठवड्यात लोक जागे होत नाहीत आणि महिन्यात विसरतात. चाळणी कोण लावणार, तीन जण पुरे, त्यात एक तरी वापरणारा पाहिजे, कोडवाला नको. मत कोणाला, आम्ही म्हटलं ज्यानं कोड, भाषांतर, टेस्टिंग, बग कळवणं ह्यातलं काही पण एकदा केलंय तो. आणि चौथं म्हणजे शेवटी नाही म्हणायचा अधिकार कोणाला आहे का, असेल तर कुठल्या कारणानं. हे चौथं लिहायला लोक लाजतात. लाजू नका, नंतर वापरलं तर जास्त वाईट दिसतं.

सूचना मागताना "घोषवाक्य सुचवा" म्हणू नका

हे मला उशिरा कळलं. घोषवाक्य सुचवा म्हटलं की लोक लग्नपत्रिका लिहायला बसल्यासारखं करतात. आमच्याकडं आलेली बघा, "डिजिटल शेती, समृद्ध शेती", "तंत्रज्ञानाची साथ, बळीराजाचा हात", "उद्याच्या शेतीसाठी आजचं पाऊल". ह्यातलं कुठलं पण खताच्या पोत्यावर, बँकेच्या कॅलेंडरवर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीत चिकटवा, फरक पडत नाही. ही परीक्षाच समजा: दुसऱ्याच्या मालावर चिकटत असेल तर ते तुमचं नाही.

मग आम्ही प्रश्न बदलला. वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की गेल्या महिन्यात ॲप नेमकं कधी उपयोगाला आलं ते एका ओळीत सांगा, टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट टाका. जिथं आमचा कोड ठेवलाय त्या गिटहबवर विचारलं असतं तर नऊ माणसं आली असती, इथं चाळीसच्या वर नोंदी आल्या. एकानं सांगितलं की औषधवाला विचारत होता मागच्या डावणीला काय मारलं, तिथंच दुकानात उघडून दाखवलं. एकजण म्हणाला माल बघायला व्यापारी आला तेव्हा सगळ्या तारखा समोर होत्या. आणि कवठेमहांकाळकडच्या एका दादांची व्हॉइस नोट होती, मागं फवारणीच्या ब्लोअरचा आवाज, "छाटणीपासनं काढणीपत्तुर समदं खिशात हाय, वही भिजायचं टेन्शन न्हाई." आमचं घोषवाक्य ह्या नोटमधनं आलंय, कोणी लेखकानं लिहिलेलं नाही. सगळ्या नोंदी एका शीटमध्ये जशाच्या तशा, बोलीसकट उतरवा, सुधारायला जाऊ नका, आणि सारखे येणारे शब्द रंगवा. आमच्यात "खिशात" आणि "वही" सारखे येत होते, "डिजिटल" हा शब्द एकाही वापरणाऱ्याच्या तोंडी नव्हता.

चाळणी

इथं वेळ घालवा. आम्ही दुसऱ्यांदा इथंच फसलो कारण मत आधी घेतलं आणि चाळणी नंतर लावली. मतात "कृष्णेकाठची वही" निवडून आलं. सांगलीत बसून ते इतकं गोड वाटतं, आयर्विन पूल, घाट, सगळं डोळ्यासमोर येतं. मग जतकडचा एकजण म्हणाला, "आमच्याकडं कृष्णा पाईपातनं येती, ती बी आली तर." खरंच की. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा सगळा दुष्काळी पट्टा, तिथली शेती म्हैसाळ नाहीतर टेंभू ह्या उपसा योजनांच्या पाण्याकडं डोळे लावून असते, आणि ॲप वापरणारे निम्मे तिकडचेच. त्यात आमच्याकडं कृष्णाकाठ म्हटलं की 2019 चा पूर पण आठवतो, आयर्विनपाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45. एका शब्दात अर्ध्यांना परकं केलं आणि उरलेल्यांना पूर आठवून दिला.

तर चाळणीत काय काय बघायचं.

तोंडानं म्हणून बघा, फोनवर. एकानं वाचायचं, समोरच्यानं लिहून घ्यायचं, परत विचारायला लागलं तर गेलं. ह्या एका परीक्षेत आमची निम्मी वाक्यं पडली.

लांबी मोजा. प्ले स्टोअरचं छोटं वर्णन 80 अक्षरांचं, डेबियनच्या पॅकेजच्या वर्णनाची एक ओळ पण 80 च्या आत पाहिजे, आणि मराठीत एसएमएस केला तर एका मेसेजमध्ये 70 च मावतात, इंग्रजीत 160. लक्षात ठेवा की कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतो, नुसत्या "द्राक्ष" ह्या शब्दाची सात होतात. आपल्या डोळ्याला छोटं दिसणारं वाक्य तिथं मोठं निघतं.

फ्लेक्सवाल्याकडं चालतंय का बघा. हे कुठल्या इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लेक्सच्या दुकानात अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालतात, तुमचं मोबाइलवर टाइप केलेलं युनिकोड मराठी तिथं चौकोन होऊन पडतं, मग तिथला पोरगा ते बघून परत टाइप करतो आणि जोडाक्षरं जितकी जास्त तितक्या चुका जास्त. सोपे शब्द घ्या, आणि छापायला पीडीएफ घेऊन जा.

"फुकट" आणि "मुक्त" ह्या शब्दांचं बघा. इंग्रजीत फ्री शब्दाचे दोन अर्थ होतात म्हणून त्यांना वर्षानुवर्षं समजावत बसावं लागलं, आपल्याकडं दोन शब्द वेगळे आहेत ही चैन आहे. विकिपीडियानं मराठीत "मुक्त ज्ञानकोश" घेतलं आणि ते बसलं. पण आमच्या स्टॉलवर "मुक्त सॉफ्टवेअर" वाचून एका काकांनी विचारलं, मुक्त विद्यापीठाचं आहे का. आणि "फुकट" लिहिलं की लोक दचकतात, फुकट देतोय म्हणजे आमची माहिती विकत असणार. आम्ही दोन्ही शब्द घोषवाक्यातनं काढले आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं की पैसे लागत नाहीत, माहिती फोनमधनं बाहेर जात नाही, कोड कोणीपण तपासा.

"सर्वोत्तम", "नंबर एक" नको. मायएसक्यूएल स्वतःला जगातला सगळ्यात लोकप्रिय ओपन सोर्स डेटाबेस म्हणवतं, पोस्टग्रेस म्हणतं आम्ही सगळ्यात प्रगत, त्या दोघांना ते शोभतं, वापरणारे तेवढे आहेत. आपण साडेतीनशे इन्स्टॉलवर बोलू नये. तसंच "अमक्याला पर्याय" पण नको, उद्या तो अमका बंद पडला की तुमचं वाक्य पण गेलं.

दुसऱ्या भाषेत न्या. आमच्या कन्नडवाल्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं की यमक जुळवलंत तर मी ते नेऊ शकत नाही, अर्थ द्या, मी माझं बघतो. आणि हिंदीत "वही" म्हणजे "तोच", हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणून घोषवाक्य भाषांतराच्या फाइलमध्ये ठेवा, लोगोच्या चित्रात कोरून टाकू नका.

आणि कोणाचं आधीच आहे का ते बघा. आधी नुसतं अवतरणचिन्हात घालून सर्च करा, मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, सॉफ्टवेअर वर्ग 9 मध्ये आणि सॉफ्टवेअरच्या सेवा 42 मध्ये येतात. एवढ्या छोट्या वाक्याला कॉपीराइट साधारणपणे मिळत नाही पण ट्रेडमार्क असू शकतो, आणि कोडचं लायसन्स उघडं असलं म्हणून नाव, घोषवाक्य पण उघडं होतं असं नाही. डेबियननं तर ट्रेडमार्कच्या वादात फायरफॉक्सला 2006 ते 2016 आइसवीझल नावानं ठेवलं होतं, कोड तोच. स्वतः नोंदवायचं का, तर छोट्या प्रोजेक्टनं नको असं माझं मत, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचेच एका वर्गाला 4,500 रुपये लागतात, त्यापेक्षा सर्व्हरचं भाडं भरा.

मतदान

चाळणीतनं तीन ते पाच वाक्यं राहिली पाहिजेत. जास्त राहिली तर चाळणी परत लावा.

एकाला एकच मत ही पद्धत इथं घातक आहे. आमचं दुसऱ्या वेळचं गणित बघा. 23 जणांनी मत दिलं, "कृष्णेकाठची वही" 9, "बागेची वही खिशात" 8, "छाटणी ते काढणी, वही खिशात" 6. म्हणजे 14 लोकांना खिशातली वही पाहिजे होती, पण ती दोन वाक्यांत वाटली गेली आणि 9 वालं निवडून आलं. ग्रामपंचायतीला एकाच घरातले दोघं उभे राहिल्यावर जे होतं तेच.

सोपा उपाय म्हणजे जी जी वाक्यं चालतील त्या सगळ्यांवर टिक करू द्या, ज्याला जास्त टिका ते आलं. थोडं बारीक पाहिजे असेल तर पसंतीक्रम घ्या, डेबियनवाले असंच करतात, प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीजोडीनं कुस्ती लावतात आणि यादीत "यापैकी काहीच नाही" हा पण पर्याय असतो. तो पर्याय मात्र कुठल्याही पद्धतीत ठेवाच. तो पहिला आला तर समजायचं लोकांना सूचनाच पटलेल्या नाहीत, परत गोळा करा, त्यात कमीपणा नाही.

व्हॉट्सॲपचा पोल सोपा वाटतो आणि त्यात एकापेक्षा जास्त टिक पण होतात, पण कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं. कॉलेजची पोरं मग सर काय देतात ते बघून देतात. एखादा फॉर्म बनवा, ज्यात नाव फक्त मोजणाऱ्याला दिसेल, आणि मोजणारा असा निवडा ज्यानं स्वतः वाक्य सुचवलेलं नाही.

तिसऱ्यांदा असं केलं. कृष्णा चाळणीतच गळाली. 23 पैकी 19 जणांनी "छाटणी ते काढणी, वही खिशात" वर टिक केली, "बागेची वही खिशात" ला 16, काहीच नको म्हणणारे 2. मात्रा-वेलांट्या, स्वल्पविराम धरून 25 अक्षरं.

ठरल्यावर

एकाच दिवशी सगळीकडं बदला, रीडमी, रिपॉझिटरीचं (कोड जिथं साठवलाय त्या जागेचं) वर्णन, स्टोअरचं पान, ॲप उघडल्यावरची स्क्रीन, स्टिकर. आमचं जुनं वाक्य एका ठिकाणी राहिलं होतं आणि दोन महिने लोक विचारत होते हे दुसरं ॲप आहे का. रिपॉझिटरीत एक छोटी फाइल ठेवा, त्यात निवडलेलं वाक्य, ते कसं आलं, मतं किती, कुठली वाक्यं का गळाली, भाषांतर करणाऱ्यानं अर्थ काय धरायचा. सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन येऊन म्हणतोच की कृष्णेकाठची वही कसं वाटतं, त्याला लिंक द्यायची, वाद नाही. ज्याच्या तोंडचं वाक्य आहे त्याला विचारून मगच वापरा, आम्ही त्या दादांना फोन केला तर ते म्हणाले नाव टाकू नका, वापरा खुशाल, पण दर छाटणीला बॅकअप घ्यायची आठवण करत जावा. ते फीचर आता आहे. ज्यांची पडली त्यांच्यातली दोन चांगली स्टिकरवर घेतली.

आणि हे वाक्य कायमचं असं समजू नका. आता आटपाडीचे डाळिंबवाले आलेत, ॲप त्यांना पाहिजे, पण डाळिंबाचा हिशोब बहार धरल्यापासून चालतो, छाटणीपासून नाही. त्यांच्यासाठी "छाटणी ते काढणी" चुकीचं आहे. गिटहबवर त्याचा इश्यू उघडलाय, सूचना मागवलेल्या नाहीत, आधी बहाराचा कोड पुरा होऊ दे म्हटलंय.